मेळावा जरूर भरवा, पण त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नका

प्राचार्य महोदय, 3 डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला आहे आणि परिसरातील महाविद्यालयांत काम करणाऱ्या दिव्यांग प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचा मेळावा या वर्षी आपल्याच महाविद्यालयात भरवावा, असे पत्र आपल्या टेबलावर येऊन पडले आहे. घाबरू नये. शामियाना, हारतुरे आणि जेवण यांची सोय आपला हेडक्लार्क डोळे मिटून करील. आपण स्वतः लक्ष घालायचे ते एकाच गोष्टीत: एका छताखाली जमलेली ही मंडळी सायंकाळपर्यंत एकमेकांशी कामाचे एक अक्षरही बोलणार नाहीत, याची तजवीज झाली पाहिजे.

कारण उघड आहे. आपल्याकडे तालुक्याच्या महाविद्यालयात असा माणूस बहुधा एकटाच असतो. मेळघाटच्या पायथ्याशी एखादे दृष्टिहीन राज्यशास्त्राचे प्राध्यापक, वणीकडे एखादा पोलिओग्रस्त ग्रंथालय परिचर, गडचिरोलीच्या वाटेवर एखाद्या कर्णबधिर प्रयोगशाळा सहायक ताई, आणि प्रत्येकाची पक्की समजूत अशी की, ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे व साहेब आपल्याला सांभाळून घेतात हेच पुष्कळ झाले. ही समजूत फार मोलाची असून आपला निम्मा कारभार तिच्यावरच चालतो. ती एका दिवसात मोडू देऊ नये.

म्हणून वेळ सकाळी दहाची ठेवावी. पहिल्या एसटीने निघालेला माणूसही त्या वेळेला पोहोचत नाही. तिकिटात त्याला 75 टक्के सवलत असते. एसटीच्या पायऱ्यांच्या उंचीत मात्र अजून कोणी सवलत दिलेली नाही. सभागृह पहिल्या मजल्यावरचेच घ्यावे. खालचा हॉल मोकळा असला, तरी तेथे हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवून द्यावेत. रॅम्पविषयी कोणी विचारलेच, तर नॅक या मूल्यांकन परिषदेच्या तपासणीवेळी काढलेला, ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅग फोटो दाखवावा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फुटांचा रॅम्प हवा, असा हिशेब काही चिकित्सक लोक मांडतात. आपला आठ फुटांचा आहे आणि फोटोत तो पुरेसा लांब दिसतो. शिपायाला मात्र आधीच समज द्यावी, नाहीतर तो भाबडेपणाने सांगून मोकळा होतो, “रॅम्प त हाये ना सर, पण तिथं सायबायची गाडी उभी रायते.”

व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, लोकप्रतिनिधी आणि त्यांचे सोबती असावेत. ज्यांचा मेळावा आहे त्यांना समोर बसवावे; त्यांच्यापैकी कोणाला व्यासपीठावर घ्यायचे ठरलेच, तर व्यासपीठाला पायऱ्या असाव्यात. भाषणांत कायदा आणू नये, जिद्द आणावी. “तुमच्याकडे पाहिले की आमची दुःखे किती लहान आहेत ते कळते” हे वाक्य प्रत्येक वक्त्याने एकदा तरी म्हणावे. सांकेतिक भाषेचा दुभाषी मागवण्याच्या खर्चात पडू नये. कर्णबधिरांना भोंग्याजवळ बसवले म्हणजे झाले. सत्कार तर व्हायलाच हवा. ज्यांचे दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेले आहेत त्यांना शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि रोपटे एकाच वेळी द्यावे व छायाचित्रकाराकडे पाहून हसायला सांगावे.

कायद्यावर एक व्याख्यान ठेवा, असा आग्रह कोणी धरलाच, तर वक्ता निवडून बोलवावा. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले, हे एकवीसही प्रकार त्याने सावकाश वाचून दाखवावेत. नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, एवढे तो बोलला तरी हरकत नाही. ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे घोडे विसाव्या कलमापर्यंत मात्र जाऊ देऊ नये. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही, आणि ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, असे तेथे लिहिले असून अनुदानित संस्थाही त्यातून सुटत नाहीत. पुढच्या एकविसाव्या कलमात समान संधी धोरण प्रसिद्ध करायला सांगितले आहे आणि तेविसाव्यात तक्रार निवारण अधिकारी नेमायला. एवढे ऐकल्यावर माणसे आपापल्या महाविद्यालयात जाऊन ते धोरण मागतात, आणि मग ते लिहावे लागते.

तासिका तत्त्वावरील दिव्यांग अध्यापकांना बोलावूच नये. आले तर त्यांचा तास बुडतो, तासाचे पैसे बुडतात, आणि सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असलेली ही मंडळी, कोणते पद कोणासाठी राखीव ते ठरवणाऱ्या बिंदुनामावलीविषयी नको ते विचारतात.

खरा धोका जेवणाचा असतो. वरण, वडाभात आणि पाटवडीचा रस्सा पानात पडला की माणूस मोकळा होतो. दृष्टिहीन प्राध्यापक सांगतात की, परिपत्रक फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि त्यांचा मोबाइल “प्रतिमा” एवढेच वाचून गप्प बसतो. शेजारच्या ताई सांगतात की, बैठकीत काय ठरले ते त्यांना दुसऱ्या दिवशी शिपायाकडून कळते. तिसरा सांगतो की, बालपणी पोलिओने गेलेला पाय परत आला की काय, हे पाहण्यासाठी त्याला पुन्हा जिल्हा रुग्णालयात पडताळणीला पाठवले. मग कोणीतरी म्हणते, “अरे, आमच्याकडेही हेच!” हे वाक्य कानावर येताच आभारप्रदर्शन सुरू करावे. पंगत टाळून बुफे ठेवणे अधिक सुरक्षित. ताट हातात धरून उभे राहायचे म्हटले की निम्मी मंडळी जेवणाआधीच परतीची एसटी गाठतात.

इतके करूनही “पुढचा मेळावा आमचा आम्ही भरवू, तळमजल्यावर, भाषणांविना” असा ठराव पुढे आलाच, तर त्याला विरोध करू नये. टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत करून एक समिती नेमावी, अध्यक्षपद आपल्याकडे ठेवावे, त्यांच्यातील एकाला विशेष निमंत्रित म्हणून घ्यावे, आणि समितीची पहिली बैठक आपल्या नव्या दालनात, दुसऱ्या मजल्यावर लावावी.