नवतपा आणि साडेचारशे वॅट

विदर्भात लग्नं ऐन मे महिन्यातच का लागतात, असं भटजींना विचारलं तर ते पंचांग उघडतात आणि शेतकऱ्याला विचारलं तर तो रिकामं वावर दाखवतो. दोघांचंही खरंच असतं. फक्त मुहूर्त काढताना ग्राफिक्स कार्डाची (कॉम्प्युटरमधलं व्हिडिओचं जड काम ओढणारं कार्ड) पत्रिका कुणी पाहत नाही.

लग्नाचं शूटिंग, त्याचं मिक्सिंग (म्हणजे कापून-जोडून फिल्म करणं) आणि नवरी मांडवपरतणीला यायच्या आत पेन ड्राइव्ह वधूपित्याच्या हातात, हा आमच्या तालुक्याचा रिवाज आहे. म्हणजे वर्षभरात कार्डाला सगळ्यात जास्त काम नेमकं तेव्हा, जेव्हा बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि कुत्रीसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पोट टेकवून पडलेली असतात. पंचवीस मेला रोहिणी लागली की नवतपा सुरू. त्या नऊ दिवसांत टिनाच्या खोलीत बसून 4K मधली हळद साफ करणं हे तप कोणत्याही पोथीत नसलं तरी मी ते तपच धरतो.

हळदच का, तेही सांगतो. नुसतं कापणं, जोडणं आणि एक्सपोर्ट करणं यात कार्ड घामही गाळत नाही. व्हिडिओ आवळायचं काम चिपवरच्या एका वेगळ्या कोपऱ्यात होतं, माझ्या कार्डात, म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०९० मध्ये, असे दोन एन्कोडर आहेत आणि दोघंही थोडक्या विजेत निमूट काम करतात. खरा राक्षस जागा होतो तो नॉइज रिडक्शनला. हळद असते रात्री, अंगणात एकच फोकस, तोही काकूंच्या पाठीमागे. कॅमेऱ्याने आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढवलेला, त्यामुळे नवरदेवाच्या तोंडावर हळदीपेक्षा दाणेच जास्त. ते दाणे पुसायला सॉफ्टवेअर मागच्या-पुढच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहतं, कार्डाचे सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी कोअर एकदम कामाला लागतात आणि मीटर चारशे वॅटच्या पुढे धावतो.

खुराकाचं म्हणाल तर तो वाढतच गेला आहे. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय अडीचशे वॅटचं होतं. २०२० चं ३०९० साडेतीनशेचं, २०२२ च्या ऑक्टोबरात आलेलं ४०९० साडेचारशेचं आणि २०२५ चं ५०९० तर पाचशे पंच्याहत्तरचं. आता कार्ड, प्रोसेसर, दोन स्क्रीन असं सगळं धरलं तर कामाच्या वेळी सहाशे वॅट सहज होतात. आणि हे सगळेच्या सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतात. व्हिडिओ त्यातून निघतो तो वरकड. घरातली साधी इस्त्री साडेसातशे ते हजार वॅटची असते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, टिनाखाली, दार लावून, कुणी शहाणा माणूस इस्त्री चालू ठेवून तिच्याशेजारी आठ तास बसतो का? मिक्सिंगवाला बसतो.

लोकांचा एक गैरसमज पक्का आहे, की कार्डाला तीन पंखे आहेत म्हणजे ते थंड राहणार. पंखा थंड करत नाही, तो फक्त चिपची उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. चिप आणि खोली यांच्यातलं अंतर त्याच लोडवर, पंख्याच्या त्याच वेगाला, जवळजवळ तेवढंच राहतं. धरा चाळीस अंश. पुण्याच्या एसी खोलीत सव्वीसवर चाळीस म्हणजे सहासष्ट. तिथला यूट्यूबर हसत हसत सांगतो, ‘टेम्परेचर एकदम छान आहे.’ आमच्या खोलीत चव्वेचाळीसवर चाळीस म्हणजे चौऱ्याऐंशी. ४०९० ची कमाल मर्यादा नव्वद, पण त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीलाच ते आपला वेग हळूहळू उतरवायला लागतं. परीक्षण वाचून पैसे मोजायचे पुण्याच्या वेगाचे आणि काम मिळवायचं चंद्रपूरच्या.

आमच्या बाबांना यातलं काही कळत नाही आणि त्यांना सगळं कळतं. ते मशीनकडे पाहून विचारतात, ‘‘हे खाते किती?’’

‘‘साडेचारशे वॅट.’’

‘‘अन् दूध?’’

मी फ्रेम, मिनिटं वगैरे सांगतो. त्यावर त्यांचं ठरलेलं असतं : ‘‘म्हशीले ढेप जास्त टाकली त का दूध वाढते बाप्पा? एका हिशेबाच्या पुढं शेणच वाढते.’’

उच्च दर्जाच्या ग्राफिक्स कार्डांबद्दल याहून अचूक वाक्य माझ्या वाचनात नाही. चिप विजेचा जो घास खाते तो व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असतो. वेग जरासा वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि ते वर्गाने अंगावर येतं. कारखान्यातून कार्ड येतं तेव्हा ते या उताराच्या पार शेवटच्या टोकाला उभं असतं, कारण परीक्षणांच्या तक्त्यात दोन दांड्यांनी वर दिसायचं असतं. शेवटचे सव्वाशे-दीडशे वॅट म्हणजे निव्वळ शेण.

म्हणून विदर्भात कार्ड बसवलं की पहिला विधी : एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाची वीज आणि वेग ठरवायचं सॉफ्टवेअर टाकायचं (कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, चालतं) आणि पॉवर लिमिटची पट्टी शंभरावरून सत्तरवर ओढायची. ‘बरोबर’च्या खुणेची टिकली दाबायची, नाहीतर नुसती पट्टी ओढून काही होत नाही. मग एक नंबरच्या खणात सेव्ह करायचं आणि विंडोजबरोबर सुरू व्हायचं चिन्हही दाबायचं. हे शेवटचं विसरलात तर लाईन जाऊन आली की म्हैस पुन्हा पूर्ण ढेपेवर. सत्तर टक्के म्हणजे ४०९० ला तीनशे पंधरा वॅट. वेग पाच ते आठ टक्के उतरतो, कामागणिक कमीजास्त. तासाभराचं रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) पासष्ट मिनिटांत होतं. वधूपित्याला ही पाच मिनिटं कधीच कळलेली नाहीत. खोलीला मात्र एकशे पस्तीस वॅट लगेच कळतात.

ज्याला हात आणखी काळे करायचे असतील त्याने अंडरव्होल्ट करावं, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर पळवावं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाची वक्ररेषा उघडते. आधी मुख्य पडद्यावर कोअर क्लॉक अडीचशेने खाली ओढून सगळी रेषा बसवायची, मग ९५० मिलिव्होल्टचा एकच ठिपका धरून २५५० मेगाहर्ट्झवर चढवायचा आणि टिकली दाबायची. त्याच्या उजवीकडचं सगळं आपोआप सपाट होतं. साध्या स्थितीत कार्ड १०५० मिलिव्होल्ट आणि २७५० मेगाहर्ट्झच्या आसपास पळत असेल, तर वर्ग करून पाहा, घास चोवीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. पण चाचणी पाच मिनिटांची करू नका. अंडरव्होल्ट केलेलं कार्ड पाच मिनिटं सोन्यासारखं वागतं आणि नेमकं मंगलाष्टकांच्या रेंडरला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) बंद पडतो. भर दुपारी तासभर खऱ्या कामावर चालवा. पडलं तर वेग तीस मेगाहर्ट्झने उतरवा, नाहीतर व्होल्टेज पंचवीसने चढवा. प्रत्येक चिपची कुवत वेगळी, दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा.

आता कूलर. इकडे कूलर म्हणजे लोखंडी पेटीचा, वाळ्याच्या ताट्यांचा, घरातला सगळ्यात आवाजी कुटुंबीय. मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की चव्वेचाळीसची हवा ओल्या ताटीतून येताना सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरते. यासारखी स्वस्त गोष्ट नाही, फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीचं वाफेचं भांडं होतं, सगळं दमट. ‘कूलरच्या ओलीने कार्डावर दव धरेल’ ही भीती मात्र सोडून द्या. दव धरतं ते हवेपेक्षा गार वस्तूवर, ग्लासावर धरतं तसं. चालू कार्ड हवेपेक्षा कायम गरमच असतं. भीती आहे ती तुषारांची. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की त्याचा थेंब सर्किटवर वाळला की पांढरा क्षार मागे ठेवून जातो. म्हणून कूलर सहा-सात फूट लांब आणि त्याचं तोंड माणसाकडे, मशीनकडे नाही. (मृग लागला की हवेतच ओल येते, मग हाच कूलर नुसता ओरडतो.) टिनावर पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाच्या-तुरीच्या वाळलेल्या काड्या) पसरल्या तर खोली आणखी उतरते, पण वरून चुना मारणं बरं. वाळलेल्या पऱ्हाट्यांना ठिणगी पुरते.

सेकंडहँड ३०९० घेणाऱ्यांसाठी थोडं थांबतो, कारण तालुक्यात तीच जास्त फिरतात. त्याची चोवीस जीबी मेमरी चोवीस चिप्समध्ये आहे आणि त्यातल्या बारा पाठीमागे, जिथे पंखा पोचत नाही. ही जीडीडीआर६एक्स मेमरी एकशे दहा अंशांना गुदमरते. तिचा आकडा साध्या पडद्यावर दिसत नाही, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेमरी जंक्शन’ पाहावं लागतं. कोअर सत्तर दाखवतं म्हणून विकणारा छाती पुढे काढतो आणि मेमरी मागे एकशे आठवर शिजत असते. थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे धातूच्या पात्यांकडे, नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलायचे तर जाडी आधी मोजा. एक, दीड, दोन मिलिमीटर, जागेनुसार वेगळी असते. ‘जाड पॅड म्हणजे जास्त थंडावा’ असं समजून अर्धा मिलिमीटर जास्त लावला, की हीटसिंक मुख्य चिपवरून उचलला जातो आणि मेमरी वाचवायला गेलेला माणूस कोअर भाजून येतो.

वायरीचं एकच, पण कान देऊन ऐका. ४०९० चा सोळा पिनांचा कनेक्टर सहाशे वॅटचा. बारा व्होल्टवर म्हणजे पन्नास अँपिअर, वीज आणणाऱ्या सहा पिनांत वाटले की पिनेला आठच्या वर आणि पिनेची कुवत साडेनऊ. गंमतीला जागाच नाही. कार्ड बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगांचे फोटो जगभर फिरले आणि कंपनीचं म्हणणं पडलं की प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. म्हणून टॉर्च लावून पाहा, फट दिसता कामा नये. आणि प्लगपासून साडेतीन सेंटीमीटरपर्यंत वायर सरळ ठेवा, लगेच वाकवू नका. सव्वादोन किलोचं कार्ड खाली झुकलं तरी प्लग तिरका होतो. त्याला आधाराचा स्टँड विकत मिळतो, बांबूचा तुकडाही तेच काम करतो. सत्तर टक्क्यांवर हीच पिन साडेचार अँपिअरवर येते, हा बाबांच्या सिद्धांताचा जोडफायदा.

लाईनबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) संत्र्याच्या बागांचे पंप चढले की दोनशे तीसचे एकशे ऐंशी होतात. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट लिहिलेला पॉवर सप्लाय ते पचवतो, फक्त अँपिअर जास्त ओढतो. स्वस्तातला ‘२०० ते २४०’ लिहिलेला सप्लाय मान टाकतो. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण तीनशे साठ वॅट, तो रेंडरच्या मधोमध किंचाळून सोबतच जातो. हजार व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा घ्या आणि त्याच्याकडून चार-पाच मिनिटांचीच अपेक्षा ठेवा, फाईल सेव्ह करण्यापुरती. आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ते देवीचं वारं नाही. अर्थिंग नाही, म्हणून सप्लायच्या फिल्टरमधून गळणारी वीज पत्र्यावर बसून आहे. कोळसा-मिठाचा खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाका.

दिवाळीनंतर दुसरा अवतार. वेचणीचा कापूस भाव वाढेपर्यंत घरातच रचलेला असतो, बहुतेक वेळा मशीनच्याच खोलीत, कारण तिथे कुलूप असतं. त्याचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत अशी गादी घालतात की जिनिंगवाल्याने भाव सांगावा. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारायचा आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, नाहीतर ती उलटी गरगरून बेअरिंग मोडतं. कापसाची गंजी मशीनपासून भिंतभर लांब.

पौषात मात्र सगळं फिरतं. पारा दहा-बारावर येतो, आजी घोंगडं घेऊन मशीनच्या मागच्या जाळीशी येऊन बसते आणि तळहात शेकत विचारते,

‘‘काऊन रे, आज कमी तापते हे? थे सत्तरचं शंभर कर ना जरासं.’’