टोयोटाचा दाखला आणि काटोलचा पंप

'पुरवठा साखळीचे यश एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे वेग,' असे सांगणारा एक संदेश गेले काही महिने व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. साठा म्हणजे अडकलेला पैसा, तो शून्यावर आणा, टोयोटा तेच करते. नागपूर झिरो माइलवर, म्हणजे देशाच्या मध्यावर असल्यामुळे येथून माल कुठेही झटकन पोहोचतो. समृद्धी महामार्गामुळे वाहतुकीचा प्रश्न मिटला. तेव्हा मधला ठोक व्यापारी काढून टाका, असा त्याचा मजकूर आहे. तीस वर्षे नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात खरेदी आणि भांडार सांभाळल्यामुळे असले संदेश अर्धे वाचून पुसून टाकण्याची मला सवय आहे. हा मात्र काटोलला पंपांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणाऱ्या माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये पाठवला होता आणि खाली लिहिले होते, 'मामाजी, मी तर जानेवारीपासूनच स्टॉक कमी केला.'

पुढच्याच महिन्यात त्याचा हिशेब झाला. मे महिन्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, संत्री झाडावर लहान असतात आणि पाणी तुटले की फळगळ सुरू होते. अशा दिवसांत एका बागाईतदाराचा सबमर्सिबल पंप बंद पडला. मिस्त्रीने पाइप उपसून मोटर उघडली, तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याचा उभा भार पेलणारा भाग, झिजून गेलेले. भाच्याच्या फळीवर त्या मापाचे बेअरिंग नव्हते, नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडचे संपले होते आणि कोइम्बतूरहून निघालेला माल वाटेत होता. काही शेकडा रुपयांच्या एका भागासाठी तो पंप सहा दिवस बांधावर आडवा पडून राहिला आणि सातव्या दिवसापासून ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. अडकलेला पैसा मोकळा झाला, तो असा.

साठा हा आळशीपणा नसून अनिश्चिततेची किंमत आहे, एवढे त्या संदेशकर्त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही. समजा, एखादा भाग रोज दोन खपतो आणि माल यायला सरासरी नऊ दिवस लागतात, पण कधी चौदाही लागतात. मग नऊ दिवसांचे अठरा नग ठेवणारा दुकानदारसुद्धा उशिराच्या खेपेला दहा गिऱ्हाइकांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. शून्य ठेवणाऱ्याबद्दल बोलायलाच नको.

टोयोटाचा दाखला तर उलट अंगावर येणारा आहे. 1 फेब्रुवारी 1997 रोजी ऐसिन या पुरवठादाराचा कारिया येथील कारखाना जळाला. तेथे ब्रेकसाठी लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह बनत असे आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांपुरताच होता. परिणामी तिचे जपानमधले जवळपास सर्व कारखाने काही दिवस बंद पडले. 2011 च्या भूकंपानंतर तर याच कंपनीने आपल्या पुरवठादारांना चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला आणि 2021 मध्ये चिपांची टंचाई आली, तेव्हा सुरुवातीचे महिने ती इतर मोटार कंपन्यांपेक्षा बरीच सावरलेली राहिली. शिवाय टोयोटाची पद्धत चालते, कारण तिचे बरेच पुरवठादार आसपासच आहेत आणि रोजचे उत्पादन ठरीव, सपाट असते. काटोलच्या दुकानाचा पुरवठादार कोइम्बतूरला आहे आणि मागणी ठरते ती उन्हावर.

पुरवठा साखळीवरच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक सुनील चोप्रा आणि पीटर माइंडल यांनी साखळीची कामगिरी ठरवणारे सहा घटक मांडले आहेत : सुविधा म्हणजे कारखाने आणि गोदामे, साठा, वाहतूक, माहिती, खरेदीचे स्रोत आणि किंमत. हे घटक एकमेकांशी बांधलेले आहेत. साठा कमी केला की वाहतूक जलद आणि महाग होते, गोदामे कमी केली की गिऱ्हाइकापर्यंतचे अंतर वाढते. संदेशात यांपैकी अडीच घटक आले आहेत आणि तेही सुटे सुटे.

झिरो माइलचा खांब ही ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाची खूण आहे, माल पोहोचवण्याची हमी नव्हे. मध्यवर्ती असणे म्हणजे सगळ्या बंदरांपासून लांब असणेही होते. तरीही यात अर्धे सत्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर केवळ कर वाचवण्यासाठी राज्याराज्यांत गोदाम ठेवण्याचे कारण उरले नाही आणि त्याचा लाभ नागपूरला मिळाला. चार गोदामांचा राखीव साठा एकत्र केला, तर मागण्या सारख्या आणि परस्परांपासून स्वतंत्र असल्यास तो साधारण निम्म्यावर येतो. पण निम्मा म्हणजे शून्य नव्हे.

समृद्धीबद्दल थोडक्यात. 701 किलोमीटरचा हा महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला, पण तो मुंबईच्या दिशेने जातो. कोइम्बतूरचा माल दक्षिणेकडून राष्ट्रीय महामार्ग 44 ने येतो, त्याला समृद्धीचा काडीइतकाही उपयोग नाही. शिवाय बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल स्वीकारल्याची पावती) फाटल्यावर गाडी भरेपर्यंत माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून राहतो, ते दिवस कोणताही रस्ता कमी करत नाही.

ठोक व्यापारी काढण्याची सूचना करणाऱ्याने पन्नास दुकानांचा साठा आणि हंगामापर्यंतची उधारी कोण सांभाळणार, तेही सांगायला हवे होते.

भाच्याच्या दुकानात बसून आम्ही परवा यादी केली. थ्रस्ट बेअरिंग, बुश आणि कपॅसिटर यांचा उन्हाळ्याचा माल यापुढे फेब्रुवारी संपण्यापूर्वी फळीवर असेल. तीन वर्षांत एकही न खपलेल्या स्टार्टरच्या नऊ पेट्या मात्र त्याने काढून टाकाव्यात. तेवढ्यापुरता तो संदेश बरोबर आहे.