वाऱ्यावर सोडायचे चार हजार

गेले अडीच महिने 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा व्हिडिओ गेम माझ्या कार्टमध्ये पडून आहे. किंमत ३,९९९ रुपये. तो एक रुपया कमी कशासाठी ठेवतात हे मला पुरतं कळतं. तरी मनात मी 'तीन हजारांतच येतोय' असंच म्हणतो.

सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की हा गेम नव्हेच, हा इतिहास आहे. १२७४ साली मंगोल आरमार जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरलं आणि सो सुकेकुनी हा तिथला सरदार जेमतेम ऐंशी स्वार घेऊन त्यांच्यावर चालून गेला. खरी गोष्ट. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीच्या गादीवर रामदेवराय यादव होते आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता, हेही मी शोधून काढलं. त्याने खरेदी कशी समर्थनीय ठरते, ते तेवढं सापडलं नाही. शिवाय गेमचा नायक जिन साकाई काल्पनिक, आणि तो लढाई सोडून मधेच हायकू रचत बसतो. हायकू आले त्यानंतर काही शतकांनी! आता चार हजार मोजून चुका काढायच्या, तर ते काम मी घरात फुकट करतोच.

शेवटी आईला व्हिडिओ दाखवला. ही चूक झाली.

"यात नकाशा बघत बसायचं नाही गं," मी म्हणालो, "वारा वाहतो तिकडे जायचं."

"म्हणजे चार हजार वाऱ्यावर सोडायचे."

मी पुढे सरकवलं. कोल्ह्याच्या मागे मागे जायचं, तो देवळाशी नेतो, तिथे नमस्कार करायचा.

"कोपऱ्यावर दत्ताचं देऊळ आहे. दहा वर्षांत किती वेळा गेलास?"

गरम पाण्याच्या कुंडात बसलं की नायकाची ताकद वाढते, हे सांगताना माझाच आवाज खाली गेला होता.

"वज्रेश्वरीला जाऊन ये. गुडघ्यांनाही बरं."

एवढ्यावर भागलं असतं, पण मुलाने लॅपटॉप तपासला आणि म्हणाला, "बाबा, याला ७५ जीबी जागा लागते. तुमच्याकडे ४१ आहे." उरलेली जागा मावसभावाच्या लग्नाच्या व्हिडिओने अडवली आहे. चार कॅमेरे, तीन दिवस, एकही कट नाही. पुसायचा विषय काढताच आईने जे डोळे वटारले, त्यापुढे मंगोल परवडले. ते निदान समुद्रामार्गे येतात, आगाऊ दिसतात तरी.

तेव्हापासून मी रोज जेवणानंतर दुसऱ्याने खेळलेला गेम बघतो. अर्धं बेट पाठ झालंय. कुठल्या वळणावर कुंड आहे ते मला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या वेळेपेक्षा पक्कं माहीत आहे. आई शेजारी बसून वाती वळते. कोल्हा दिसला नाही तर विचारते, "आज सुट्टी का रे त्याला?"

घ्यायचा की नाही, ते तसंच राहिलंय. मी सध्या अडलोय घोड्यावर. त्याला नोबू, सोरा, कागे यांतलं एक नाव द्यायचं असतं आणि मागाहून बदलता येत नाही. मी नोबूपर्यंत आलो होतो. काल आई म्हणाली, "सोरा बरं वाटतं. हाक मारायला सोपं."