पिन बदलते, व्होल्ट बदलत नाहीत

चवथ जवळ आली की डिचोलीतल्या माझ्या वाइंडिंगच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायची मशीनं दुरुस्तीला येऊ लागतात. समया, तांब्या-पितळेची ताटं, देवळाला द्यायची भांडी, सगळ्यांवर नाव हवं असतं. यंदा आलेल्यांपैकी तीन मशीनं एकाच कारणाने जळलेली होती, आणि तिघांच्याही मोबाइलवर एकच मेसेज होता. तो थोडक्यात असा: ‘परदेशातून आणलेलं कोरणीचं मशीन इथे जळतं, ही दुकानदारांनी घातलेली भीती आहे. पिन बदला, चालतं. मशीन लागेल तेवढीच वीज घेतं. शंका असेल तर पंख्याचा रेग्युलेटर लावा किंवा प्रवासातला छोटा कन्व्हर्टर घ्या. चार्जिंगची मशीनं तर कुठेही चालतात. आणि इंग्लंडहून आणलेलं असेल तर डोळे झाकून लावा, तिथेही २३० व्होल्टच आहेत.’

गोव्यात हा मेसेज जास्त नुकसान करतो. घरटी कोणीतरी जहाजावर, आखातात नाहीतर इंग्लंडात असतं आणि येताना हत्यारं घेऊन येतं. म्हणून यातल्या एकेका वाक्याला उत्तर देतो.

पहिलं, पिनचं. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढेमागे होते तो आकडा. अडॅप्टर फक्त पितळेच्या पट्ट्यांचा आकार जुळवतो, आत दुसरं काही नसतं. उलट आपल्याकडच्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांना सगळ्या पिना घेणारी भोकं असतात, त्यात अमेरिकी चपटी पिन अडॅप्टरशिवायही बसते. बसली म्हणजे चालणार, असं माणसाला वाटतं.

पेडण्याकडून आलेल्या एका मुलाचं मशीन मी त्याच्यासमोर उघडलं. मामाने जहाजावरून आणलेलं, पेनसारखं धरायचं, टोक वरखाली आपटणारं. “काका, पहिली पाच मिनटं तर मस्त चाललं. हात नुसता थरथरत होता,” तो म्हणाला. कॉइलवरचं वार्निश काळं पडून तारा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तार गुंडाळायची प्लास्टिकची बॉबिन एका बाजूने वितळली होती. मशीनवरची पाटी मात्र स्वच्छ वाचता येत होती: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

त्या मशीनमध्ये मोटर नसते, एक विद्युतचुंबक असतो. विजेच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला तो लोखंडी पट्टी ओढतो, म्हणजे ६० हर्ट्झवर सेकंदाला १२० ठोके, मिनिटाला ७,२००. आपल्या ५० हर्ट्झवर ते ६,००० होतात. ठोके कमी झाले तर काम जरा हळू होतं, एवढंच. कॉइल जळते ती दुसऱ्या कारणाने. चुंबकाच्या लोखंडावर किती ताण येणार, हे व्होल्टला हर्ट्झने भागून कळतं. १२० भागिले ६० म्हणजे २. आपल्याकडे २३० भागिले ५० म्हणजे ४.६. सव्वादोन पटींहून जास्त! एवढं लोखंडाला पेलत नाही. ते भरून गेलं की कॉइलचा अडथळा कोसळतो आणि करंट सुसाट वाढतो. ती मस्त पाच मिनटं म्हणजे कॉइल जळत असतानाची पाच मिनटं होती.

फिरणाऱ्या मशीनचं गणित वेगळं. त्यात कार्बन ब्रशची मोटर असते, तिला हर्ट्झची फिकीर नसते, व्होल्टची असते. जे मशीन मुळातच मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे मारतं, त्याला जवळजवळ दुप्पट व्होल्ट दिले की कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागावर, ठिणग्यांचं कडं दिसतं. पण मला जळलेल्या आर्मेचरपेक्षा, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागापेक्षा, पुढच्या टोकाची जास्त काळजी वाटते. कापायच्या चकतीवर कमाल वेग लिहिलेला असतो. त्याच्या वर गेली तर ती फुटते, आणि तुकडे धरणाऱ्याच्या तोंडाकडेच येतात. चष्मा न घालता हे मशीन चालवणारे मी रोज बघतो.

‘मशीन लागेल तेवढीच वीज घेतं’ हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. योग्य व्होल्टेजवर मशीन लागेल तेवढेच अँपिअर घेतं, बरोबर. पण व्होल्ट ते घेत नाही, व्होल्ट सॉकेटवर आधीच उभे असतात. साध्या तापणाऱ्या तारेला १२० ऐवजी २३० दिले तर उष्णता दुप्पट होत नाही, वर्गाच्या हिशोबाने जवळजवळ पावणेचार पट होते.

आता रेग्युलेटर. पंख्याचा रेग्युलेटर पंख्याच्या भारासाठी केलेला असतो. डिमरच्या जातीचा असेल तर तो व्होल्टेज खाली आणत नाही, वरखाली होणाऱ्या विजेच्या लाटेचा तुकडा कापतो. आपल्या २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. नॉब अर्ध्यावर ठेवला तरी ते शिखर कॉइलपर्यंत पोचतंच. १२० च्या मशीनला १७० च्या शिखराची सवय असते. शिवाय नॉबला कोपर लागलं की पूर्ण २३०. कोणी सिरीजमध्ये बल्ब लावायला सांगतात. आमच्या टेबलावर सिरीज बल्ब असतोच, पण तो तपासणीसाठी. काम करताना मशीनवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याबरोबर त्याला मिळणारे व्होल्टही.

छोटा प्रवासी कन्व्हर्टरही याच जातीचा, लाट कापणारा. तो केस वाळवायच्या यंत्रासारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो, मोटर आणि चुंबकासाठी नाही. लागतो तो खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तांबं आणि लोखंडाचा, हातात जड लागणारा. पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणायचे आणि किमान दुप्पट क्षमतेचा घ्यायचा. १२० व्होल्ट, १.२ अँपिअरच्या मशीनला १४४ येतात, तर ३०० व्हीएचा घ्या. दोन वेगळ्या वाइंडिंगचा मागा. एकाच वाइंडिंगचा स्वस्त पडतो, पण त्याची न्यूट्रलकडची तार तुटली तर पूर्ण व्होल्टेज मशीनवर येतं. आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ठोके मारणारं ६० हर्ट्झचं मशीन त्यावरही थोडं जास्त तापतं. दहा मिनटं चालवलं की गार होऊ द्या.

चार्जिंगच्या मशीनांबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर खुशाल लावा. पण अमेरिकी बाजारासाठी केलेले हत्यारांचे कितीतरी चार्जर फक्त १२० चे असतात. वाचल्याशिवाय लावू नका.

इंग्लंडचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. तिथे घरात २३० व्होल्ट आहेत हे खरं. पण तिथल्या बांधकामांवर सुरक्षेसाठी ११० व्होल्टची हत्यारं वापरतात, पिवळ्या गोल प्लगची. स्विंडनमध्ये आपली पुष्कळ माणसं आहेत. तिथून जुना ग्राइंडर स्वस्तात आणला, पिवळा प्लग कापून आपली तीन पिनांची टॉप बसवली, की ओळखायची शेवटची खूणही गेली. पिवळा प्लग दिसला तर तो कापू नका. जहाजांवरही तसंच. खोलीत बऱ्याचदा ११० आणि २२० ची सॉकेटं शेजारी शेजारी असतात. मामाचं मशीन तिथे कोणत्या सॉकेटवर चालत होतं ते विचारा.

इथे नवीन घेणार असाल तर पाटीवर ‘२२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ बघा. दोनच पिना असतील तर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण बघा. पावसात ओल्या लादीवर बसून काम करणाऱ्याने ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणाऱ्या स्विचशिवाय, बसू नये.

पेडण्याच्या मुलाचं मशीन मी फेकू दिलं नाही. जुन्या कॉइलचे वेढे मोजले, २.३ पट केले, तेवढ्याच जागेत बसेल अशी बारीक तार घेतली आणि नव्या बॉबिनवर गुंडाळलं. जुन्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची चिठ्ठी चिकटवली. दुकानातल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर त्याने स्वतःच्या आजीचं नाव घालून बघितलं. अर्धा तास चालवल्यावर मशीन हाताला कोमट लागत होतं.