केळी खा, ताक प्या आणि गोळ्या फेकून द्या म्हणे!

"डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत" असं मथळ्यात असलेला तो पाच मुद्द्यांचा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. आमच्या नौपाड्याच्या मावशीला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळाला आणि तिने कोणाला न विचारता डिप्रेशनची गोळी, एस्सिटॅलोप्राम, बंद करून टाकली. फोनवर मला म्हणते, "अरे चक्कर येते, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, पण ते विष बाहेर पडत असतं, लिहिलंय त्यात." हे ऐकून डोकंच फिरलं.

तर मुद्दे असे. एक, डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची (पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन) कमी, आणि 95% सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणजे पोट साफ तर मन साफ. दोन, रोज दोन पिकलेली केळी आणि ताक म्हणजे एका गोळीएवढं सेरोटोनिन. तीन, लंडनच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये सिद्ध केलं की गोळ्या खोट्या आहेत, आजच बंद करा, त्रास झाला तर समजा विष निघतंय. चार, गोळ्यांचं व्यसन लागतं. पाच, आपण मेंदू फक्त 10% वापरतो, बाकीचा टाळ्या वाजवून जागा होतो.

आधी तिसरा घेतो, कारण घात तोच करतो. अभ्यास खरा आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि म्हटलं की सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं याला ठोस पुरावा सापडत नाही. ठीक आहे, हे मान्य करावं लागेल, "मेंदूतलं केमिकल कमी झालंय" असं सोपं करून सांगणारे डॉक्टरही कमी नाहीत. पण मग पहिला मुद्दा म्हणतो कमी सेरोटोनिन म्हणजेच डिप्रेशन, आणि तिसरा त्याच्या उलट अभ्यासाचा दाखला देतो. अहो महाशय, एक काय ते ठरवा ना!

आणि तो आढावा आजाराच्या कारणाबद्दल होता, गोळी लागू पडते की नाही हे त्यात तपासलेलंच नाही. अ‍ॅस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे, ती नेमकी काम कशी करते ते जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, मग मधली सत्तर वर्षं लोकांचं डोकं दुखायचं थांबत नव्हतं का? गोळ्या लागू पडतात का, हे बघायचं तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 2018 चा अभ्यास आहे: 522 चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून जास्त माणसं, 21 औषधं, आणि मोठ्या माणसांच्या तीव्र डिप्रेशनमध्ये एकवीसच्या एकवीस औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. जादू नाही हां, फरक मध्यमच आहे, गुण यायला काही आठवडे जातात, पहिलीच गोळी प्रत्येकाला मानवते असंही नाही. पण खोट्या? नाही.

आता ते विष. मावशीला जे झालं ते गोळी अचानक बंद केल्यावर होणारं नेहमीचं आहे, चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात शॉक. चेतापेशी त्या औषधाशी जुळवून घेऊन बसलेल्या असतात, ते एकदम काढून घेतलं की त्यांचा ताल बिघडतो. म्हणून डोस हळूहळू उतरवतात, आठवडे लागतात, कधीकधी महिने. ज्या मॉनक्रिफबाईंचं नाव पुढे करून हे सांगतायत त्यासुद्धा अचानक बंद करू नका असंच म्हणतात!

केळ्याचं बोलू. केळ्यात सेरोटोनिन असतं, खरंय. आतड्यात 90-95% बनतं हेही खरं. पण ते रक्तातून मेंदूत जाऊच शकत नाही, मध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर असतो. आतड्यातलं सेरोटोनिन आतड्याची हालचाल बघतं, काही रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये साठतं. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या अन्नातून मिळणाऱ्या घटकापासून. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं तरी डॉक्टर डोपामिनची गोळी देत नाहीत, लेव्होडोपा देतात, कारण तेच हा अडसर ओलांडून आत जातं आणि मग त्याचं डोपामिन होतं. केळ्याने हे सगळं बायपास केलं असतं तर बरं झालं असतं. पोट आणि मेंदू व्हेगस नर्व्हने जोडलेले आहेत, टेन्शनमध्ये पोट बिघडतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं. ताक प्या की, कोण नको म्हणतंय.

व्यसनाचं अर्धं खरं आहे, पण भलत्या गोळीचं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्या तर अचानक सोडल्या की फिटसुद्धा येऊ शकते, म्हणजे तिथे हा सल्ला अजूनच घातक.

10% वाला मुद्दा सोडूनच देतो. वजनाच्या 2% असलेला मेंदू शरीराची 20% ऊर्जा खातो, ती काय नव्वद टक्के झोपून? ठाण्याच्या तलावपाळीवर टाळ्या वाजवा, फेऱ्या मारा, चालण्याने मूडला मदत होतेच, फक्त गोळीच्या जागी नको.

मावशीने शेवटी डॉक्टरांना फोन केला, गोळी परत सुरू झालीय, आणि सोडायचीच असेल तर पुढे डोस कसा उतरवायचा ते तेच बघतील. ज्यांना विचारायला डॉक्टर जवळ नाही त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, चोवीस तास.