प्रतिबिंब म्हणजे उलटी नक्कल नव्हे

कालव्याकाठच्या गिरण्या रंगवताना 'इमारत उलटी करून खाली काढली की झालं' असं एका लेखात म्हटलंय, तिथे गफलत आहे. इमारत अगदी पाण्याला लागून असेल तर ते ढोबळमानाने चालतं. पण गिरणीची चिमणी (धुराडं) काठाच्या धक्क्याच्या मागे असेल, तर माप काठापासून घ्यायचं नाही. पाण्याची पातळी चिमणीच्या बुंध्याखालपर्यंत आत गेली आहे असं धरून तिथून मोजायचं. मग चिमणीचा खालचा बराच भाग धक्क्याच्या प्रतिबिंबाआड जातो आणि पाण्यातली चिमणी आखूड दिसते. पुलाचंही तसंच: प्रत्यक्षात न दिसणारी कमानीची खालची बाजू पाण्यात दिसते.

छटांमध्ये तर हमखास चूक होते. गढूळ पाण्यात गडद भाग थोडे उजळतात आणि उजळ भाग मंदावतात, त्यामुळे खिडकीच्या प्रतिबिंबासाठी रंगाच्या ट्यूबमधला पांढरा तसाच खाली उतरवू नये. तैलरंगात आधी चपट्या ब्रशने उभे फटकारे खाली ओढा, मग कोरड्या ब्रशने एकदाच आडवा हात फिरवा. तीनचार वेळा फिरवलात की रंगांचा चिखल!

लाटांत उभ्या कडा लांबत जातात, आडव्या मोडतात. अमेरिकन चित्रकार चार्ल्स शीलर यांच्या १९३० च्या 'अमेरिकन लँडस्केप' या चित्रामध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यालगतचं पाणी जवळपास निश्चल आहे, म्हणून तिथे कडा इतक्या टिकल्यात. वाऱ्याच्या दिवशी तसं काढलं तर पाण्याऐवजी काच वाटेल.