जरा कमी करा ना

हॉलमधला दिवा डोळ्यांत घुसतो, हा शोध आमच्याकडे नक्की कुणी लावला ते आठवत नाही. लागल्यापासून मात्र तो सगळ्यांच्याच डोळ्यांत घुसायला लागला. कन्या मैत्रिणीकडे जाऊन आली होती. तिथे म्हणे गोल बटण फिरवलं की उजेड हळूहळू ओसरतो आणि साधी मॅगीसुद्धा महागातली वाटते. "बाबा, एक स्विच काढायचा, डिमर बसवायचा. दहा मिनिटांचं काम." घरातल्या कामाला दहा मिनिटं लागतील असं सांगणारी व्यक्ती स्टुलावर कधीच चढत नाही.

आमच्या वायरमनला फोन केला. "डिमर कशाला काका? पंख्याचा रेग्युलेटर मारतो ना." मी ठामपणे नको म्हणालो. रेग्युलेटर या प्रकाराशी माझं लहानपणापासूनच जमत नाही. तेव्हा तो डब्याएवढा काळा ठोकळा असे आणि आत रेझिस्टन्सची वेटोळी. पंखा कमी केला की वाचलेली वीज त्या वेटोळ्यांत उष्णता होऊन बसायची. म्हणजे मे महिन्यात पंखा एकवर ठेवला की वारा कमी आणि वर ठोकळा गरम. बचत कुठे व्हायची ते ठोकळ्यालाच ठाऊक.

शेवटी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेची वस्तू दुसरीकडे घेतली तर ती चालत नाही, अशी आमच्या नानांची श्रद्धा आहे. दुकानदाराने विचारलं, "किती मॉड्यूलचा? लोड किती? बल्ब कुठला आहे?" मी म्हणालो, "पांढरा." त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि जो हाताला लागला तो डिमर काउंटरवर ठेवला.

वायरमनने मेन स्विच पाडून बोर्ड उघडला आणि सगळे वायरमन विचारतात तो प्रश्न विचारला, "कुणी केलंय हो हे काम?"

"तुम्हीच. मागे एकदा."

"मग ठीक असेल," म्हणून त्याने आत डोकं घातलं. आतल्या सगळ्या वायरी लाल होत्या.

अडचण निराळीच निघाली. डिमर दोन बटणांची जागा घेतो आणि बोर्ड तर भरलेला. एक बटण बळी द्यावं लागणार होतं. सुदैवाने आमच्या बोर्डावर एक बटण असं होतं की ते कशाचं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. असं एक बटण प्रत्येक घरात असतं. नसेल तर तुम्ही नीट मोजलेलं नाही. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मेन पुन्हा चालू करून घरभर माणसं पेरली. आई देवघरापाशी, ही स्वयंपाकघरात, कन्या गॅलरीच्या दाराशी.

"लागलं का?"

"काय?"

"काहीही!"

"काहीही नाही लागलं!"

एकमताने बटण काढलं, डिमर बसला. कन्येने उद्घाटन केलं. बटण अर्ध्यावर आलं आणि दिवा मंद व्हायच्या ऐवजी लुकलुकायला लागला. आई म्हणाली, "गणपतीच्या मांडवात बसल्यासारखं वाटतंय."

वायरमन म्हणाला, बल्ब खराब आहे. बल्ब बिचारा ठणठणीत होता. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, प्रत्येकाचे दोन अर्धे, आणि डिमर त्या प्रत्येक अर्ध्याचा तुकडा कापतो. म्हणजे सेकंदाला 100 वेळा कात्री चालते. जुन्या बल्बची तार तापलेली असते, तिला या कापाकापीचं काही वाटत नाही. एलईडीच्या बुडात मात्र एक इलेक्ट्रॉनिक शहाणा बसलेला असतो. वीज कमी आली की तो ती भरून काढू पाहतो, मग दमतो, मग पुन्हा उठतो. त्यात डिमरला निदान 60 वॅटचं गिऱ्हाईक हवं आणि आमचा बल्ब 9 वॅटचा. ही सगळी माहिती डिमरच्या नि बल्बच्या खोक्यावर मुंगीच्या अक्षरांत छापलेली होती. ती वाचायला मला दिवा मोठा करावा लागला.

मग नाना उठले आणि पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले 60 वॅटचे पिवळे बल्ब. "टाकून द्या म्हणत होता ना?" एवढंच ते बोलले, पण ते दोन दिवस बोलत राहिले.

पिवळा बल्ब मात्र अगदी कन्येच्या वर्णनाप्रमाणे मावळू लागला. बारीक गुणगुणतही होता, पण तेवढं चालतं. हिशेब मी मनातच ठेवला. बल्ब कमी केला की उजेड झपाट्याने घटतो, वीज तितकी घटत नाही. उजेड पाव केला तरी निम्मी वीज जातेच. म्हणजे 9 वॅटमध्ये लख्ख दिसणारा हॉल आता 30 वॅटमध्ये अंधारा दिसत होता.

आणि मग खरा त्रास सुरू झाला. स्विच होता तेव्हा घरात दोनच मतं होती, लावा किंवा घालवा. आता माणशी एक मत झालं. हिला मालिकेपुरता उजेड हवा, कन्येला फोटोपुरता. आईचं म्हणणं, दिवेलागणीला घर लख्ख हवं आणि जेवताना घास दिसला पाहिजे, भात कालवताना ताटात झुरळ आलं तर कळणार कसं? (आमच्याकडे झुरळं नाहीत. पण आईला तत्त्व महत्त्वाचं.) नानांच्या मिडियम वेव्हच्या रेडिओत डिमर अर्ध्यावर आला की जोरात खरखर व्हायची, कारण कात्री तेव्हा ऐन भरात असते. त्यामुळे बातम्या लागल्या की आतून आवाज यायचा, "पूर्ण करा, नाहीतर बंद करा!" जाता-येता जो तो बटण फिरवायचा. मला वर्तमानपत्राचं एक पान एका उजेडात वाचायला मिळेना.

यातच दिवाळी आली. गॅलरीत आकाशकंदील टांगला, वायर होल्डरला जोडली, आणि तो काही लागेना. वायरमन आला, होल्डर तपासला आणि हॉलच्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

"याचं बटण इथे होतं काका. मीच काढलेला ना तो पॉइंट."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. गॅलरीच्या दाराशी उभी राहून "काही नाही लागलं" म्हणणारी कन्या क्लासला जायची वेळ झाली म्हणून निघून गेली. रिकाम्या होल्डरमध्ये लागणार तरी काय होतं?

मार्ग वायरमननेच काढला. डिमर कंदिलाला जोडला, हॉलला भरलेल्या बोर्डाबाहेर साधा स्विच आणि 9 वॅटचा बल्ब परत दिला. कंदिलात नानांच्या डब्यातला 60 वॅटचा बल्ब. चारही दिवस नाना खुर्ची टाकून बोर्डापाशी बसले होते. समोरच्या बिल्डिंगमधलं कुणी गॅलरीत आलं की कंदील सावकाश मोठा करायचे, आत गेलं की लहान. रेडिओची खरखर त्यांना त्या चार दिवसांत ऐकू आली नाही.

कंदील आता माळ्यावर आहे. परवा आतेभाऊ आला होता. बोलता बोलता त्याने ते गोल बटण फिरवलं, छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवलं आणि विचारलं, "हे कशाचं रे?"

"पुढच्या दिवाळीत ये," मी म्हणालो.